उत्तमची मोटर

पूनमसिंग नाईक तांडा,
पो. महागाव, ता. पुसद, जि. यवतमाळ
४ एप्रिल १९६४

भिया उत्तमसिंग यांस भाऊ खेमसिंगचा रामराम.

तुझं पत्र शाळेच्या पत्त्यावर पोचलं. आपली याडी, आपली आई, कशी आहे असं तू विचारलंस. विचारलं नसतंस तरी आज तिच्याबद्दलच लिहिणार होतो.

तुझी पत्रं येतात हे मी तिला सांगत नाही असं मी दाखवतो, आणि तिला ते माहीत नाही असं ती दाखवते. पोस्टमन गेला की ती शाळेच्या दाराशी येते आणि मुलांसमोर मोठ्यानं विचारते, "काहून मास्तर, सरकारचा कागद आला काय?"

मी म्हणतो, "आला."

"सरकार खुशाल हाय ना?"

"खुशाल आहे."

"त्याच्या बायकोले पोरगं-सोरगं काही?"

"अजून नाही."

मग ती जाते. तू जर्मनीतल्या बाईशी लग्न केल्याचा फोटो आला तेव्हा साऱ्या तांड्यासमोर तिनं तुझ्या नावानं पाणी सोडलं. नायकाची बायको दिलेला शब्द मागं घेत नाही. पण सरकारची चौकशी करायला तिला कोणी अडवलेलं नाही.

आता मुद्द्याचं. दिवाळीआधी आपली सडक डांबरी झाली. टेकडीवरून उतार सुरू होतो तो थेट तांड्याच्या तोंडापर्यंत काळाभोर, गुळगुळीत. खडी होती तोवर मोटारी रांगत यायच्या. होळीला बाया फाग मागायला सडकेत उभ्या राहायच्या, ड्रायव्हर हसत उतरायचा, दोन गाणी, चार शिव्या ऐकायचा, काहीतरी हातावर ठेवून जायचा. लदेणीच्या काळात धान्या-मिठाचे बैल घेऊन जाणारे तांडे असेच अडवले जायचे, असं बा सांगायचा. होळीच्या दिवशी वाटसरूनं बायांसाठी थांबायचं, ही आपली रीत.

यंदाही बाया उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढे, अगदी मधोमध, याडी. टेकडीवरून कापसाची मोटर आली. मी शाळेच्या ओट्यावर होतो. चाकं किंचाळली, बाकीच्या बाया उड्या मारून बाजूला झाल्या. याडी हलली नाही. मोटर थांबली तेव्हा तिची फेटिया, म्हणजे तो भिंगांचा घागरा, मोटरीच्या नाकाला लागत होता. ड्रायव्हर खाली उतरला. पांढराफटक.

"म्हातारे, मरतीस ना! मोटर काय बैल हाय?"

याडी म्हणाली, "मोटर तुह्या बापाची असन, सडक माह्या बापाची हाय. काढ फाग."

बाया हसल्या. ड्रायव्हरही हसला.

मी तिला समजावतो तेव्हा ती म्हणते, तू मास्तर आहेस, पोरांना शिकव. माझं ती कधीच ऐकत नाही, हे तुला माहीत आहे. तुझं ऐकेल. तू तिला लिही, फक्त एवढंच की सडकेत उभी राहू नकोस. नाव माझं घातलंस तरी चालेल, अक्षर तुझं हवं. ती वाचू शकत नाही, पण तुझं अक्षर ओळखते.

तुझा,
खेमसिंग


२० ऑगस्ट १९६४

भिया,

तुझं लांबलचक पत्र दोनदा वाचलं. तू जिथं काम करतोस त्या कारखान्यात मालमोटारींचे ब्रेक कसे तपासतात, हे वाचून अभिमान वाटला. तिकडच्या वेगाच्या वादाबद्दल लिहिलंस तेही कळलं. गावाच्या हद्दीत पन्नास किलोमीटरची मर्यादा काही वर्षांपूर्वी परत आणली, गावाबाहेर मर्यादाच नाही. मर्यादा म्हटलं की तिथल्या जुन्या लोकांना हुकूमशाहीचे दिवस आठवतात, आणि डॉक्टर मंडळी वर्तमानपत्रांतून मेलेल्यांचे आकडे देतात. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. हे सगळं मी मुलांनाही सांगितलं. तोंडं उघडी ठेवून ऐकत होती.

पण तू एक वाक्य लिहिलंस त्यावर मी अडलो. वेग माणूस मारत नाही, दोन वेगांमधला फरक मारतो, असं तुमचे इंजिनियर म्हणतात. सगळ्या मोटारी सारख्याच धावल्या तर धोका कमी. खरं असेल. आमच्याकडे मात्र एक मोटर उतारावरून सुसाट येते आणि समोर एक म्हातारी उभी असते. तिचा वेग काहीच नाही. हा फरक तुमच्या हिशेबात कुठं बसतो?

तिकडं दोन्ही बाजूंनी वाद घालणारी माणसं मोटारीत बसलेली असतात, असं तुझ्या पत्रावरून वाटलं. आमच्याकडे मोटारीत बसलेला एक पक्ष आणि सडकेवर उभा असलेला दुसरा. दुसऱ्याला वाद चालू आहे हेच माहीत नाही.

मी सरपंच भगवानरावांकडे गेलो होतो. त्यांची कापसाची शेती सडकेला लागून आहे, माणूस वाईट नाही. म्हटलं, उताराच्या सुरुवातीला वेगाची पाटी लावायला अर्ज करू या, सही द्या. त्यांनी चहा मागवला.

"मास्तर, या सडकेसाठी आम्ही किती वर्सं अर्ज केले? पायात चपला राह्यल्या नाही. आता तेच साहेब, त्यायलेच लिहू का सडक लय चांगली झाली, मोटरी हळू करा? हसतीन ना आमच्यावर!"

मी म्हटलं, "माणूस मरेल, भगवानराव."

"माणूस मराचाच असन तं बैलगाडीखाली बी मरते. आन तुमच्या बाया सडकेत कायले उभ्या राह्यतात? तिकडं अर्ज करा ना, तुमच्या याडीकडं."

सही दिली त्यांनी, ते सांगायला हवं. अर्ज गेला. अजून उत्तर नाही.

तू याडीला काही लिहिलं नाहीस. तुझ्या सगळ्या पत्रात ब्रेक आहे, डांबर आहे, जर्मनी आहे. याडीबद्दल 'तिला जप' इतकंच. मी जपतोच आहे, भिया. माझ्या हातात तेवढं पुरत नाही म्हणून तुला लिहिलं.

खेमसिंग


८ फेब्रुवारी १९६५

भिया,

अर्जाचं उत्तर आलं. रस्ता मोकळ्या मुलखातून जातो, लगत बाजारपेठ नाही, सबब पाटीची आवश्यकता दिसत नाही. तांडा त्यांना दिसला नसावा. सडकेवरून आपली घरं दिसत नाहीत हे खरं, बाभळी आड येतात.

मग आम्हीच उपाय केला. शंकरसिंगकाका, धुरपताबाईची पोरं आणि मी, मिळून उताराच्या पायथ्याला सडकेवर मुरमाचा बांध घातला, शेताला घालतो तसा. दाबून, पाणी मारून पक्का केला. पहिल्या दिवशी मोटारी खरंच हळू झाल्या. ड्रायव्हर शिव्या देत होते आणि बाया त्यांना परत शिव्या देत होत्या. तांड्यात दिवाळी झाल्यासारखं वाटलं. शंकरसिंगकाका तर बांधाजवळ खाट टाकूनच बसले. येणाऱ्या प्रत्येक मोटरीला म्हणत, "या, या, पाहुणे, हळू या!"

आठवडाही गेला नाही. एका प्रवासी गाडीतल्या बाईचं डोकं वर आदळलं, तक्रार गेली. सडकेचे साहेब जीपमधून आले. त्यांची जीपही बांधावर उडाली, त्यामुळे बोलणं आधीच गरम होतं. म्हणाले, सरकारी रस्त्यात अडथळा करणं गुन्हा आहे. मी म्हटलं, साहेब, वेगाला अडथळा आहे, रस्त्याला नाही. ते म्हणाले, तुम्ही शिक्षक आहात ना? मग नोकरीची काळजी घ्या.

बांध आम्हालाच खणून काढायला लावला. साहेब उभे राहून पाहत होते. याडी दुरून आली आणि म्हणाली, "पाहा, पुरुष लोकायनं मोटर अडवाले माती टाकली. बाया नुसत्या उभ्या राह्यल्या तरी थांबते."

होळी पुढच्या महिन्यात आहे. भिया, हात जोडतो.

खेमसिंग


२ एप्रिल १९६५

भिया,

होळी निभावली. उपाय म्हणून मी गाववाल्यांच्या बैलगाड्या उताराच्या दोन्ही बाजूंना उभ्या करून ठेवल्या, बैल सोडून. मोटारींना वाट अरुंद झाली, त्या हळू आल्या. बायांना भरपूर फाग मिळाला.

याडी माझ्याशी चार दिवस बोलली नाही. माझी बायको रुपीबाई तिला भाकरी घेऊन गेली तर म्हणाली, "तुह्या नवऱ्यानं माह्या होळीत गाड्या उभ्या केल्या. मले लोकायनं विचारलं, नायकीणबाई, भेली काय तुमी?" भ्यालात का, हा प्रश्न तिला लागला.

पुढच्या वर्षी गाड्या मिळणार नाहीत. एका गाडीची साटी, म्हणजे वरची चौकट, मोटरीनं घासून मोडली. भगवानरावांनी सांगितलं, आता पुरे.

या वेळी जास्त लिहवत नाही.

खेमसिंग


३० जानेवारी १९६६

भिया,

तीन दिवसांपूर्वी दोन पत्रं आली. एक माझ्या नावाचं. दुसऱ्यावर तुझ्या अक्षरात 'याडी रामीबाई यांस'. पोस्टमननं ते माझ्या हातात दिलं तेव्हा याडी दारातच होती. तिनं विचारलं नाही सरकारचा कागद का म्हणून. अक्षर पाहिलं आणि ओट्यावर बसली. मी मुलांना सुट्टी दिली.

तुझं पत्र मी तिला आपल्या बोलीत वाचून दाखवलं. अक्षर न् अक्षर. तू इतक्या वर्षांनी तिला याडी म्हणालास. मध्येच काही गाळायचं मला सुचलं नाही, आणि सुचलं असतं तरी ती माझ्या तोंडाकडे पाहत होती.

तू लिहिलंस, 'सडकेवर जपून राहा.' ते तिनं ऐकलं, मान हलवली. मग तू लिहिलंस, 'पण भिऊ नकोस. मी रोज ब्रेकच तपासतो. जो ब्रेक माणसासाठी वेळेवर थांबत नाही तो मी माझ्या हाताखालून जाऊ देत नाही. तुझ्याकडे ज्या मोटारी येतात त्यांत आमच्या कारखान्याच्या धर्तीच्याही असतील. त्या दिसल्या की मी दिसलो असं समज.'

तुला काय म्हणायचं होतं ते मला कळलं. तू तिच्याशी बोलायला काही शोधत होतास आणि जवळ होतं ते दिलंस. पण आपल्याकडे लेकानं आईला दिलेला शब्द म्हणजे काय, हे तू विसरलास.

त्या संध्याकाळपासून ती सडकेच्या कडेला बसते. मोटरीच्या नाकावरचं तुमच्या कारखान्याचं चिन्ह तिला मी ओळखायला शिकवलं नाही, बसंतीबाईच्या भावानं शिकवलं, तो क्लीनर आहे. ते चिन्ह दिसलं की ती म्हणते, "आली. उत्तमची मोटर." मी सांगितलं, याडी, या मोटारी इकडेच बनतात, त्याच्या हाताखालून नाही गेलेल्या. तर म्हणाली, "हात तं त्याचाच असन. लिहून देल्लं ना त्यानं?"

मी पुन्हा सांगितलं की ब्रेक चांगला असला तरी उतार आहे, ओझं आहे, ड्रायव्हरला घाई आहे. तुझ्याच पत्रातलं सांगितलं. इंग्लंडनं नाताळच्या तोंडावर सत्तर मैलांची मर्यादा घातली, चार महिने करून पाहू म्हणून, कारण धुक्यात मोटारी एकमेकींवर चढल्या. त्यांच्याकडे ब्रेक नव्हते का? ती ऐकून घेत होती. मग तिनं माझ्यापुरती एक सूट दिली. "बरं मास्तर. तुह्या मनासारखं. औंदा दुसऱ्या मोटरी नाई अडवत. फक्त उत्तमच्या अडवीन."

तिच्या मते तिनं माझं ऐकलं. आजवर पहिल्यांदाच.

भिया, होळीला महिना राहिला आहे. विमानाच्या टपालानं आजच उत्तर टाक. एक ओळ. 'याडी, माझ्याही मोटरी अडवू नकोस.' तुझ्याशिवाय हे कोणी सांगू शकत नाही.

ती खूश आहे, हेही लिहायला हवं. अंगात घालायची नवी काचोळी शिवते आहे, भिंगं लावून.

खेमसिंग


सरकारी दवाखाना, यवतमाळ
१६ मार्च १९६६

भिया,

तार मिळाली असेल. तारेत 'आई जखमी' इतकंच बसलं. बाकीचं इथं लिहितो.

तुझं दुसरं पत्र आलं नाही. वाटेत असेल किंवा तू लिहिलं नसशील. मी विचारत नाही.

होळीच्या सकाळी बायांनी चार-पाच मोटारी जाऊ दिल्या. बसंतीबाई चिडवत होती, "नायकीणबाई, तुमच्या लेकाची मोटर येते का पुढच्या होळीले?" याडी म्हणाली, "येईन. त्याले वाट माहीत हाय." मी तिच्याजवळच उभा होतो, हात धरून ओढता येईल इतका. मग टेकडीवर ते नाक दिसलं. सागवानाचे ओंडके भरलेली मोटर. याडीनं माझ्या दंडाला हिसका दिला आणि चालत मधोमध गेली. पळत नाही. हात वर करून, फाग मागतात तशी.

ड्रायव्हरनं ब्रेक दाबला होता. हे मी पोलिसांनाही सांगितलं, तुलाही सांगतो. डांबरावर काळे पट्टे अजून आहेत. चाकं थांबली होती, भिया. मोटर थांबली नव्हती. ओंडक्यांचं वजन तिला खाली ढकलत होतं. बाया ओरडल्या. मी धावलो. याडी शेवटपर्यंत मोटरीकडे पाहत होती. तिच्या तोंडावर भीती नव्हती, ते मला विसरता येत नाही.

मोटर तिच्या पायांवरून पुढे जाऊन थांबली.

ड्रायव्हर हैद्राबादकडचा, तरुण. पळून गेला नाही. त्यानंच तिला उचललं, मोटरीत घातलं. ओंडके उतरवायला वेळ नव्हता. पुसदला पट्ट्या बांधल्या आणि यवतमाळला न्या म्हणाले. तो इतक्या हळू चालवत होता, प्रत्येक खड्ड्याला थांबत होता. मी ओरडलो, "जोरात चालव!" तो म्हणाला, "नहीं होता, भाई, अब नहीं होता मुझसे." मी त्याच्या पाया पडलो. दोन वर्षं ज्याच्याविरुद्ध अर्ज केले त्या वेगासाठी मी त्याची दाढी धरत होतो, आणि मोटर बैलाच्या चालीनं चालली होती.

उजवा पाय गुडघ्यावरून काढला. डावा वाचेल असं डॉक्टर म्हणतात. ताप उतरत नाही.

काल भगवानराव येऊन गेले. विमलताईंनी, त्यांच्या मंडळींनी, पेज पाठवली होती. सांगत होते, उताराच्या सुरुवातीला पाटी लागली. अपघातानंतर आपोआप लागली, अर्ज करावा लागला नाही. भगवानराव खाली मान घालून बसले होते. मी विचारलं, पाटी पाहून मोटारी हळू होतात का? म्हणाले, "पाहतात मास्तर. पाटी पाहतात."

ड्रायव्हरला अटक झाली आहे. तांड्यातल्या बायांवरही रस्ता अडवल्याचा खटला होईल म्हणतात. आमच्या बाजूनं बोलायला वकील नाही, आणि बोलायचं काय तेही मला ठाऊक नाही. कायद्यात त्या रस्त्याला वेगाची मर्यादा नव्हती. होळीची रीत कायद्यात नाही. दोघंही आपापल्या जागी बरोबर होते, असं कोर्टात म्हटलं तर चालतं का?

आज सकाळी याडी शुद्धीवर आली. पाय नाही हे तिला कळलेलं आहे. म्हणाली, "कागद हाय काय? उत्तमले लिही."

मी कागद काढला. तिनं सांगितलं ते असं:

"लिही, मोटर थांबली. लिही, माह्या पायाजवळ येऊन थांबली, वासरू थांबते तशी. साऱ्या बाया पाहून राह्यल्या होत्या. लिही, याडीले काही नाई झालं, मास्तर भित्रा हाय, तार उगाच केली त्यानं."

मी म्हटलं, "याडी, तो येतो म्हणेल. त्याला बोलावू का?"

किती वर्षं तिनं या एका गोष्टीची वाट पाहिली, हे तुझ्याशिवाय कोणाला सांगू? माझा हात कागदावर तयार होता.

"नको. लिही, आता येऊ नको. इकडं ऊन लय हाय, सूनबाईले सोसणार नाई." मग, माझ्यासाठी, लिहिण्यासाठी नाही: "आला तं पाय पाहीन ना तो. मंग ते बिरेकचं काम होणार नाई त्याच्याच्यानं."

मी लिहीत असताना तिनं डोळे मिटले होते. मला वाटलं झोपली, म्हणून वरचं सगळं मी तुला लिहून काढलं. आता ती जागी आहे. म्हणते, "वाचून दाखव."

तिनं सांगितलं तेवढंच मी तिला वाचून दाखवलं. मोटर थांबली. वासरू थांबते तशी. मास्तर भित्रा आहे. येऊ नको. ऊन फार आहे.

ती म्हणाली, "बराबर. अंगठा देतो."

तिकडच्या बाकावर नर्सबाई नोंदी लिहीत होत्या, त्यांच्याकडून शाई आणली. तिचा हात तापलेला होता. मी धरून टेकवला.

काय करायचं ते तू ठरव, भिया. खालचा अंगठा तिचा आहे.